‘चौघीजणी’मागची लुईझा

शान्ता शेळके यांनी मराठीत आणलेलं ‘चौघीजणी’ ज्यांनी वाचलं आहे, त्यांना मेग, जो, बेथ आणि एमी या बहिणींची ओळख करून द्यायला नको. आमच्या घरी तर त्या मुक्कामालाच होत्या म्हणा ना! आम्हीही बहिणी-बहिणीच. जो कोण, यावरून आमची भांडणं व्हायची. बेथ व्हायला मात्र कुणी तयार नसे, कारण बेथ मरते. पुढे बी.ए.ला असताना मूळ ‘लिटल विमेन’ वाचलं आणि तेव्हापासून माझं कुतूहल त्या चौघींवरून सरकून त्यांना लिहिणाऱ्या बाईवर जाऊन बसलं, ते आजही तिथंच आहे. लुईझा मे अल्कॉट हे तिचं नाव. पुस्तकातली जो शेवटी लग्न करते. जो जिच्यावरून बेतली ती लुईझा जन्मभर अविवाहित राहिली. असं का, हे कळायचं तर तिच्या घरात डोकवावं लागतं.

लुईझाचा जन्म २९ नोव्हेंबर १८३२चा. चार बहिणींत ती दुसरी. वडील ब्रॉन्सन अल्कॉट म्हणजे विचारवंत माणूस. एमर्सन आणि थोरो यांच्या बैठकीतले. गांधीजींमुळे आपल्याला थोरोचा तुरुंगवास ठाऊक असतो. पण त्याच्या तीन वर्षं आधी, १८४३ मध्ये, तोच कर नाकारल्याबद्दल ब्रॉन्सनना अटक झाली होती. त्यांनी आपल्या शाळेत एका कृष्णवर्णीय मुलीला प्रवेश दिला, तेव्हा इतर पालकांनी आपापली मुलं काढून घेतली आणि शाळा बंद पडली. माणूस मोठाच. पण मोठ्या माणसाच्या घरातल्या चुलीचं काय, हा प्रश्न बहुधा त्याच्या बायकोला पडतो.

त्याच १८४३ साली ब्रॉन्सननी काही मित्रांसह ‘फ्रूटलँड्स’ नावाची वसाहत काढली. मांस, दूध, अंडी वर्ज्य. कापूस गुलामांच्या घामाचा म्हणून सुती कपडे नकोत. लोकर मेंढीची म्हणून तीही नको. अंगावर काय, तर तागाचं कापड, आणि तेही मॅसॅच्युसेट्सच्या थंडीत! लुईझा तेव्हा दहा वर्षांची होती. पुढे तिने या प्रयोगावर एक खुसखुशीत लेख लिहिला. त्यात पीक कापून पडलेलं असताना वादळ येतं, पुरुषमंडळी तत्त्वचर्चेसाठी बाहेरगावी गेलेली असतात, आणि आई पोरांना हाताशी घेऊन टोपल्यांतून, चादरींतून धान्य घरात ओढते. लेख वाचताना हसू येतं, पण हसता हसता मला त्या आईचे हात दिसत राहतात. जानेवारी १८४४ मध्ये वसाहत मोडली. कर्ज उरलं. तीसएक वर्षांत या कुटुंबाने वीसहून अधिक घरं बदलली.

तेव्हा कमवायचं कुणी? लुईझाने शिवणकाम केलं, मुलं शिकवली, एका घरी मोलकरीण म्हणूनही राहिली. सात आठवडे राबल्यावर तिथं तिच्या हातावर चार डॉलर ठेवले गेले. त्या अनुभवावर लिहिलेला लेख तिने बॉस्टनचे नामवंत प्रकाशक जेम्स फील्ड्स यांना दाखवला. त्यांनी, बाई, तुम्ही शिकवण्याचंच काम करा, लिहिणं तुम्हाला जमणार नाही, अशा अर्थाचा सल्ला दिला. नंतर शाळा काढायला चाळीस डॉलर उसनेही दिले. ‘लिटल विमेन’नंतर लुईझाने ते परत केले. ते परत करताना तिला काय वाटलं असेल, हे कवींना विचारा! साभार परतीची पाकिटं आम्हीही साठवलेली असतात.

यादवी युद्धात ती परिचारिका म्हणून वॉशिंग्टनजवळच्या इस्पितळात गेली. सहाच आठवड्यांत विषमज्वराने तिला गाठलं. त्या काळच्या रीतीप्रमाणे पाऱ्याचं औषध दिलं गेलं. तेव्हापासून आपली प्रकृती ढासळली ती कायमचीच, असं ती मानत असे.

१८६८ मध्ये थॉमस नाइल्स या प्रकाशकाने मुलींसाठी पुस्तक लिहायचा आग्रह धरला. तिला यात काडीची गोडी नव्हती. आपल्या बहिणी सोडल्या तर आपल्याला मुली कुठं ठाऊक आहेत, असं तिने रोजनिशीत नोंदवलं आहे. तरी बसली. कॉनकॉर्डच्या घरात दोन खिडक्यांच्या मध्ये भिंतीला ठोकलेल्या अर्ध्या चंद्रासारख्या फळीवर, वडिलांनी करून दिलेल्या, तिने अवघ्या काही आठवड्यांत पहिला भाग संपवला. नाइल्सने एक मात्र भलं केलं: हक्क विकू नकोस, असं तिला सांगितलं. त्या फळीपेक्षा या सल्ल्याने घर जास्त सावरलं असं मला वाटतं.

पुस्तक धडाक्यात खपलं आणि वाचक मुलींची पत्रं येऊ लागली. सगळ्यांचा एकच प्रश्न, जोचं लग्न लॉरीशी कधी? लुईझा चिडली. जोला लेखिका म्हणून एकटी ठेवायचं तिच्या मनात होतं. पण वाचक आणि प्रकाशक ऐकेनात, तेव्हा हट्टाने तिने लॉरी दिला नाहीच. एक मध्यमवयीन, गरीब जर्मन प्राध्यापक आणून उभा केला. लहानपणी मला या छत्रीवाल्या प्राध्यापकाचा फार राग यायचा. आता त्या प्रकरणात लेखिकेचं मिस्कील हसू ऐकू येतं. २०१९च्या चित्रपटात तर ग्रेटा गर्विगने जोला प्रकाशकासमोर बसवून लग्नाच्या बदल्यात हक्कांची घासाघीस करायला लावली आहे.

याच प्राध्यापकाच्या नापसंतीमुळे जो आपल्या सनसनाटी कथा चुलीत घालते. लुईझाने तशा कथा जाळल्या नाहीत, विकल्या! ए. एम. बर्नार्ड या पुरुषी वाटणाऱ्या नावाने तिने सूड, कारस्थानं यांनी भरलेलं पुष्कळ लिहिलं. हे गुपित १९४०च्या दशकात लिओना रोस्टेनबर्ग या संशोधिकेने पत्रांच्या आधारे उलगडलं. त्यातल्या ‘बिहाइंड अ मास्क’ची नायिका कोवळी, गरीब शिक्षिका म्हणून एका श्रीमंत घरात येते. रात्री खोलीचं दार लावून केसांचा टोप आणि खोटे दात काढते, तेव्हा समोर तिशीची मुरलेली नटी असते. ‘चौघीजणी’तली सोज्वळ माया लिहिणाऱ्याच हाताने हे लिहिलं, आणि ते दोन वर्षं आधी. मला दोन्ही खरी वाटतात. आदर्शांच्या घरात उपाशी राहिलेल्या मुलीला मायाही कळते आणि मुखवटाही.

पैसा आला, पण विसावा आला नाही. कर्ज फिटलं, धाकटी मे चित्रकला शिकायला युरोपात गेली. तिचं चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात लागलं. थोरल्या अ‍ॅनाचा नवरा १८७० मध्ये वारला, तर भाच्यांची सोय व्हावी म्हणून लुईझाने ‘लिटल मेन’ लिहिलं. १८७९च्या अखेरीस मे बाळंतपणानंतर गेली आणि तिची तान्ही लुलू लुईझाच्या मांडीवर आली. १८८० मध्ये कॉनकॉर्डच्या गावसभेत पहिल्यांदा वीस स्त्रियांनी मतदान केलं, त्यांतही लुईझा होतीच. लग्न न केलेल्या या बाईइतका संसार क्वचितच कुणी केला असेल.

१८८७ मध्ये तिने अ‍ॅनाच्या धाकट्या मुलाला कायद्याने दत्तक घेतलं. हेतू हा, की आपल्या मागे पुस्तकांचे हक्क शाबूत राहावेत. पुढच्या वर्षी ४ मार्चला वडील गेले. दोन दिवसांनी, ६ मार्च १८८८ला, पंचावन्नाव्या वर्षी ती गेली. वडील गेल्याचं तिला कळलंच नव्हतं. पुस्तकांचे पैसे मात्र घरात येत राहिले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)