बस्तीचे बिल आणि परत करावयाची रक्कम

आपल्या बैठकांतून बस्तिद्रव्याच्या मात्रेवर तासन्‌तास चर्चा होते. त्याच बस्तीच्या बिलाविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. बिल हा कंपाउंडरचा प्रांत, अशी आपली समजूत. ती यापुढे परवडणारी नाही. विमा नियामक प्राधिकरणाच्या जानेवारी २०२४ च्या परिपत्रकानुसार १ एप्रिल २०२४ पासून विमा कंपन्यांना आयुष उपचारांस अन्य उपचारांच्या बरोबरीचे स्थान द्यावे लागते. किमान पाच खाटा, चोवीस तास अर्हताप्राप्त वैद्य, उपचारकक्ष आणि रुग्णांची दैनंदिन नोंद हे आयुष रुग्णालयाचे प्रमुख निकष होत. यांतील नोंदीचा निकष आपण सर्वांत हलका समजतो. दाव्याची तपासणी मात्र त्याच नोंदीवरून होते.

आमच्याच धाडच्या रुग्णालयातील प्रसंग सांगतो. कटिशूलासाठी एक वयस्क शेतकरी योगबस्तीकरिता दाखल झाले. मुलाच्या नोकरीतील सामूहिक विम्याचे संरक्षण त्यांना होते. पाच अनुवासन व तीन निरूह, असा आठ दिवसांचा क्रम ठरला. पाचव्या दिवशी पावसाने उघडीप दिली आणि निंदणासाठी बाबा घरी गेले. एक निरूह व दोन अनुवासन राहिले. बिल मात्र ठरलेल्या छापील आकारानुसार आठही दिवसांचे निघाले. त्यावर सही आमची होती. मुलाने ते कंपनीकडे पाठविले व रक्कमही मंजूर झाली. महिनाअखेर बस्तीचे रजिस्टर आणि पावतीपुस्तक ताडून पाहताना चूक उमगली.

येथवर ती चूकच होती. कळल्यानंतर गप्प बसलो असतो, तर तिला निराळे नाव द्यावे लागले असते. आम्ही सुधारित बिल काढले, तीन दिवसांचा आकार मुलाला परत केला आणि कंपनीला पत्र लिहून, आलेली जादा रक्कम तिला परत करण्यास त्यालाही सांगितले. प्रारंभी तो रागावला. त्याचे रागावणे आम्हांस समजण्यासारखे होते. अमेरिकेत शासकीय विमायोजनेतून जादा आलेली रक्कम लक्षात आल्यापासून ६० दिवसांत परत करावी, असा २०१० च्या कायद्याचा दंडक आहे. आपल्याकडे निदान तेवढी मुदत आपण स्वतःवर घालून घ्यावी.

लबाडीचा प्रकार वेगळा. येऊन-जाऊन स्नेहन-स्वेदन घेणारा ओळखीचा रुग्ण म्हणतो, "डॉक्टरसाहेब, तेवढं भरती दाखवा की, कंपनीचेच तर पैसे आहेत." नकार देणे गावात जड जाते. परंतु न झालेली भरती दाखविणारा कागद हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालील फसवणुकीचा विषय होऊ शकतो आणि सही वैद्याची असते, रुग्णाची नव्हे. कागद किती बोलका असतो, हे महालेखापरीक्षकांच्या आयुष्मान भारत योजनेवरील २०२३ च्या अहवालात दिसले. ९९९९९९९९९९ या एकाच मोबाईल क्रमांकावर सुमारे साडेसात लाख लाभार्थी नोंदलेले आढळले; प्रणालीत आधीच मृत दाखविलेल्या ३,४४६ रुग्णांच्या उपचारांपोटी ६.९७ कोटी रुपये दिले गेल्याचेही निष्पन्न झाले.

कोविडकाळात आपल्या राज्याने दर ठरवून दिले होते. जून २०२१ च्या अधिसूचनेत ग्रामीण भागासाठी साध्या विलगीकरण खाटेस दिवसाला २,४०० रुपये ही मर्यादा होती, आणि बिल लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यावे लागे. त्या वेळी ही तपासणी अनेकांना अपमानास्पद वाटली. आम्हांस तसे वाटत नाही. नाडीपरीक्षेनंतरही आपण रक्ततपासणी सांगतोच.

आता आमच्याकडे उपचाराचा आकार ठरलेल्या क्रमावरून नव्हे, तर झालेल्या उपचारांवरून लावला जातो. इनडोअर पेपरवर द्रव्य, मात्रा, वेळ व प्रत्यागमकाल त्याच दिवशी लिहिला जातो, आणि खाली रुग्णाची सही घेतली जाते. त्या बाबांचा बस्तिक्रम पुढील वर्षी पहिल्या अनुवासनापासून पुन्हा करावा लागला. या खेपेस आठही दिवस ते राहिले, आणि रोज चष्मा लावून, वाचून मगच सही करीत.