औषध तेच, डोस ज्याचा त्याचा

वस्तीत एखाद्या मुलाला ब्लड कॅन्सर झाल्याचे कळले, की घरचे लोक दोन गोष्टींना घाबरतात. एक आजाराला आणि दुसरी केमोला. ‘त्याला औषध मानवले नाही’ हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकले आहे. या बोलण्यात तथ्य असते. पण औषध का मानवत नाही हे समजले, तर औषध न सोडताही मूल सांभाळता येते. म्हणून या वेळी आम्ही एका गोळीविषयी सांगत आहोत.

या गोळीचे नाव मर्कॅप्टोप्युरिन. डॉक्टर तिला ‘सिक्स एम.पी.’ म्हणतात. लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा ब्लड कॅन्सर म्हणजे ए.एल.एल. त्यावर ही गोळी १९५० च्या दशकापासून दिली जाते. ती तयार करणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज या अमेरिकन संशोधकांना औषधांवरील कामासाठी १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ए.एल.एल.चा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. सुरुवातीचे महिने इंजेक्शन, सलाईन आणि हॉस्पिटलच्या फेऱ्यांत जातात. त्यानंतरचा मोठा काळ मूल घरी असते आणि ही गोळी रोज घेते. म्हणजे उपचाराचा मोठा भाग डॉक्टरांच्या नव्हे, आई-वडिलांच्या हातात असतो.

ही गोळी काम कशी करते? आपल्या शरीरातील पेशी वाढताना स्वतःची नक्कल करतात. त्यासाठी त्यांना डी.एन.ए.चा कच्चा माल लागतो. सिक्स एम.पी. त्या कच्च्या मालासारखी दिसते. पेशी फसते, तिला आत घेते आणि मरते. कॅन्सरच्या पेशी झपाट्याने वाढतात, म्हणून त्या जास्त मरतात. पण हाडांच्या मगजात रक्त तयार करणाऱ्या चांगल्या पेशीही झपाट्याने वाढत असतात. औषध जास्त झाले की त्याही मरतात. मग पांढऱ्या पेशी कमी होतात, ताप येतो आणि साधा जंतूही जिवावर उठतो.

औषध जास्त होऊ नये म्हणून शरीराजवळ स्वतःचे राखणदार आहेत. टी.पी.एम.टी. नावाचे एन्झाइम औषधाचा जोर कमी करते. ते काहींच्या शरीरात जन्मतःच कमी असते, हे अमेरिकेतील डॉ. रिचर्ड वाइनशिलबॉम यांनी १९८० साली दाखवले. युरोपीय वंशाच्या दर दहा जणांत सुमारे एकाकडे या जनुकाची एक प्रत कमजोर असते. दर तीनशे जणांत सुमारे एकाकडे आई आणि वडील अशा दोघांकडून आलेल्या दोन्ही प्रती कमजोर असतात. त्यामुळे तिकडे गोळी सुरू करण्याआधी ही तपासणी करण्याची पद्धत रुजली.

मात्र पूर्व आशियात वेगळेच दिसत होते. तिथे टी.पी.एम.टी.चा हा दोष कमी लोकांत आढळतो, तरीही याच गटातील औषधांनी रुग्णांच्या पांढऱ्या पेशी जास्त वेळा कोसळत होत्या. तपासणीचा रिपोर्ट नॉर्मल यायचा आणि रुग्ण मात्र आजारी पडायचा. याचे उत्तर २०१४ साली दक्षिण कोरियातील संशोधकांना मिळाले. आतड्याच्या आजारासाठी हीच औषधे घेणाऱ्या रुग्णांत त्यांना दुसराच राखणदार कमजोर दिसला. त्या जनुकाचे नाव एन.यू.डी.टी.१५. युरोपीय लोकांत हा फरक फार कमी असल्यामुळे तिकडच्या संशोधनात तो आधी नजरेस आला नव्हता.

पुढच्याच वर्षी ब्लड कॅन्सरच्या मुलांमध्ये हीच गोष्ट तपासली गेली. ज्यांच्या दोन्ही प्रती चांगल्या होत्या, त्या मुलांना ठरलेल्या डोसच्या सरासरी ८३ टक्के औषध सोसले. ज्यांची एक प्रत कमजोर होती, त्यांना सुमारे ६३ टक्के. आणि ज्यांच्या दोन्ही प्रती कमजोर होत्या, त्यांना फक्त सुमारे ८ टक्के. एकाला जो डोस बरा करतो, तोच दुसऱ्याला सुमारे दहा पट जड ठरू शकतो, असा हा फरक आहे.

ही गोष्ट आपल्याशीही संबंधित आहे. भारतीय उपखंडात दर आठ-दहा जणांमागे सुमारे एकाकडे एन.यू.डी.टी.१५ ची कमजोर प्रत असते. टी.पी.एम.टी.चा दोष आपल्याकडे त्याहून कमी आढळतो. म्हणजे केवळ जुनी, युरोपीय लोकांवरून ठरलेली तपासणी केली, तर आपली बरीच मुले तिच्यातून निसटतात. २०१८ साली डॉक्टरांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना बदलल्या आणि दोन्ही जनुके पाहून डोस ठरवावा असे त्यांत आले.

इथे एक गैरसमज होऊ देऊ नका. लोकसमूहांत फरक असतो याचा अर्थ कुणाचे रक्त उच्च आणि कुणाचे नीच, असा होत नाही. हा फरक सर्व समूहांत सापडतो, फक्त कमी-अधिक प्रमाणात. जात म्हणजे वंशभेद नव्हे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडले आहे. मुलाचे आडनाव, जात किंवा धर्म पाहून कोणालाही डोस ठरवता येत नाही. त्या मुलाचे रक्तच तपासावे लागते. सख्ख्या दोन भावंडांचे उत्तरही वेगळे येऊ शकते.

आता घरच्यांनी काय करावे?

गोळी सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारा, ‘टी.पी.एम.टी. आणि एन.यू.डी.टी.१५ ही तपासणी करता येईल का?’ नावे कागदावर लिहून न्या. असे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. जनुकाची तपासणी आयुष्यात एकदाच करावी लागते. मुलाला नुकतेच रक्त चढवले असेल तर तेही सांगा, कारण एन्झाइम मोजणाऱ्या तपासणीत त्याने चूक होऊ शकते. खर्चाची अडचण असेल तर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे चौकशी करा.

ही तपासणी झाली नाही तरी वाट बंद होत नाही. पेशी मोजणारी साधी सी.बी.सी. तपासणी पाहूनही डॉक्टर डोस कमी-जास्त करतात. म्हणून तिची तारीख चुकवू नका. प्रत्येक रिपोर्ट तारखेप्रमाणे एकाच फाईलमध्ये लावा.

केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त झाला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच वेळी हॉस्पिटल गाठा. तोंड आले, अंगावर लाल-निळे ठिपके दिसले किंवा रक्त आले, तरी लगेच कळवा.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. मूल अशक्त दिसते म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका, अर्धीही करू नका. अमेरिकेत डॉ. स्मिता भाटिया यांनी २०१२ साली दाखवून दिले, की शंभरपैकी ९५ पेक्षा कमी गोळ्या घेतलेल्या मुलांत आजार उलटण्याचा धोका वाढतो. डोस कमी करायचा की काही दिवस थांबवायचा, हे रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी ठरवावे. गोळी दिली की घरच्या कॅलेंडरवर खूण करा.

आपल्या वस्तीत ज्या घरी असे मूल उपचार घेत असेल, त्या घरी हे पान वाचून दाखवा.