तिकिटांचा काळा बाजार आणि असहाय ग्राहक

चित्रपटगृहाच्या फाटकापाशी ‘दस का बीस’ असे पुटपुटत हिंडणारा इसम मुंबईकरांच्या किमान दोन पिढ्यांच्या परिचयाचा होता. त्याचा धंदा बेकायदा खरा. पण तिकीट डोळ्यांसमोर असे, छापील दर वाचता येई आणि दार चार पावलांवर असे. आज हा व्यवहार संगणकाच्या पडद्यावर गेला आहे आणि ग्राहकाच्या हातून या तिन्ही गोष्टी निसटल्या आहेत.

२२ सप्टेंबर २०२४ रोजी नवी मुंबईतील ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या कार्यक्रमांची तिकिटे विक्रीस निघाली. अधिकृत दर अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होते. लाखो रसिक रांगेत तिष्ठत राहिले आणि थोड्याच वेळात तीच तिकिटे अन्यत्र लाखांच्या भावाने झळकू लागली. पोलीस चौकशी झाली, सक्तवसुली संचालनालयाने छापे घातले. उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली. परंतु कायदा करणे हे विधिमंडळाचे व शासनाचे काम होय, असे सांगून न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ती फेटाळली.

सर्वच पुनर्विक्री निंद्य नव्हे. आजारपणामुळे जाता न येणाऱ्याने आपले तिकीट मूळ किमतीस दुसऱ्याला द्यावे, यात गैर काहीच नाही. गैर आहे ती फसवणूक. हाती नसलेले तिकीट विकणे, मूळ किंमत दडविणे, आसन कोणते ते न सांगणे, हे तिचे प्रकार. एकच तिकीट अनेकांस विकले गेले, तर प्रवेशद्वारापाशी अडविला जातो तो ग्राहक. विक्रेता तोवर नामानिराळा झालेला असतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अनुचित व्यापारी प्रथांना मनाई करतो. टंचाईचा खोटा देखावा करून ग्राहकास घाईला लावण्यासही केंद्राच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रतिबंध केला आहे. परंतु त्यांनी पुनर्विक्रीच्या दरास मर्यादा पडत नाही. रेल्वेच्या तिकिटांचा अनधिकृत धंदा करणाऱ्यास १९८९ च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. मग करमणुकीच्या तिकिटांनाच मोकळे रान का? आयर्लंडने २०२१ मध्ये मूळ किमतीपेक्षा अधिक दराने होणाऱ्या पुनर्विक्रीस कायद्याने बंदी घातली. यंत्रांकरवी घाऊक तिकिटे लाटणाऱ्यांविरुद्ध अमेरिकेने २०१६ मध्येच कायदा केला.

आपल्याकडेही उपाय अवघड नाही. पुनर्विक्रीस मूळ किमतीची मर्यादा घालावी. विक्रेत्याची ओळख व आसनक्रमांक जाहीर करणे सक्तीचे करावे. तिकीट निरुपयोगी ठरल्यास पैसे परत करण्याची जबाबदारी ज्या संस्थेमार्फत व्यवहार झाला तिच्यावर टाकावी. आयोजकांनी किती तिकिटे प्रत्यक्ष जनतेसाठी खुली केली, हेही आधी जाहीर व्हावे.

गाण्याची मैफल ही चैन आहे, तिच्यासाठी कायदा कशाला, असे काहींना वाटेल. परंतु महिनाअखेरची ओढाताण सोसून मुलाच्या हौसेसाठी पैसे बाजूला काढणाऱ्या कारकुनाची फसवणूक ही चैनीची बाब नव्हे. न्यायालयाने बोट दाखविले आहे. आता शासनाने पाऊल उचलावे.