फळी शाबूत, स्क्रू गंजलेला

गटाच्या दुकानाला किंवा शेळ्यांच्या गोठ्याला बाहेरून फळ्या मारायच्या म्हटलं की लाकडाच्या भावासाठी आपण तास तास घासाघीस करतो. स्क्रू मात्र सुतार आणेल ते! मग काही पावसाळ्यांनी फळी हलायला लागते. लाकूड धड असतं, आतला स्क्रू गंजलेला असतो.

"आपल्या संभाजीनगरकडे कुठं कोकणासारखा पाऊस?" असं म्हणून चालत नाही. लोखंडाला ओल आणि हवा मिळाली की गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून लाकूड आतून चिरतं. गोठ्यात जनावरांचं मूत आणि खताची पोती, तिथं तर गंज आणखी लवकर.

स्क्रूखाली काळे ओघळ दिसतात ना? हिरडा आणि हिराकस मिसळून पूर्वी काळी शाई करायचे. इथं तेच होतं. बाभळीसारख्या लाकडात तुरट द्रव्य असतं, ते ओल्या लोखंडाला भेटलं की काळं पडतं.

दुकानातला चकचकीत, पिवळसर किंवा पांढरा स्क्रू घरातल्या कपाटासाठी ठीक. त्यावरचा जस्ताचा मुलामा साधारण ५ ते १० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भागसुद्धा मोठ्या मुश्किलीने. बाहेर तो टिकत नाही. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला स्क्रू मळकट करडा, खरबरीत दिसतो. दिसायला वाईट, पण थर कितीतरी पट जाड. सगळ्यात चांगला स्टेनलेस स्टीलचा, ३०४ नंबरचा. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम असतं, त्यामुळं ओरखडा पडला तरी वरचा पातळ थर पुन्हा धरतो. समुद्रकाठी ३१६ लागतो, आपल्याला नाही.

घेताना चुंबक न्या. ३०४ ला तो जवळजवळ चिकटत नाही. घट्ट चिकटला तर ते साधं लोखंड, नाहीतर ४१० नंबरचं स्टील. ४१० सुद्धा स्टेनलेसच म्हणून विकतात, पण बाहेर ते लवकर गंजतं. बिलावर नंबर लिहून घ्या.

आता खर्च. सहा फुटी फळीला दर दोन फुटांवर आधार, म्हणजे चार आधार, प्रत्येकी दोन स्क्रू. फळीला आठ, वीस फळ्यांना १६०. साध्या आणि चांगल्या स्क्रूच्या भावातला फरक १६० ने गुणा आणि फळ्या काढून पुन्हा बसवायच्या सुताराच्या मजुरीशी ताडून पाहा. बैठकीत हा हिशोब मांडला की वाद मिटतो.

बसवताना सुताराजवळ उभ्या राहा. स्क्रू हातोडीनं ठोकून शेवटचे दोन वेढे फिरवायची सवय अनेकांना असते. त्यानं मुलामा खरवडतो आणि पकडही जाते. आधी स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडायला सांगा. ३०४ जरा मऊ असतो, भोकाशिवाय पिळला तर डोकं तुटतं. २० मिलिमीटरच्या फळीला ५० मिलिमीटरचा स्क्रू घ्या. डोकं फळीच्या बरोबरीत थांबवा, खोल गेलं तर खळग्यात पाणी साचतं. दोन फळ्यांत ३ मिलिमीटर फट ठेवा, पावसात लाकूड फुगतं. आणि खालची फळी जमिनीपासून वीतभर वर.