मेंदूची पट्टी आणि घरातली भीती

आमच्या कल्याण पूर्वेच्या चाळीत एक मुलगी आहे. वय बारा, सातवीत शिकते. नाव आम्ही मुद्दाम देत नाही. गेल्या वर्षी शाळेत प्रार्थनेला उभी असताना ती कोसळली. हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. कोणी चप्पल हुंगवली, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. दोनेक मिनिटांत पोर आपोआप शांत झाली आणि श्रेय मात्र चपलेला मिळाले!

महिन्याभरात पुन्हा तसेच झाले. आकडी, फिट, फेपरे, मिरगी ही नावे वेगवेगळी, दुखणे एकच. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि मेंदूची ईईजी तपासणी करून आणायला ठाण्याला पाठवले. येथेच घर अडून बसले.

आपल्या भागात "याला ठाण्याला पाठवा" या वाक्याचा अर्थ काय होतो, हे वाचकांना सांगायला नको. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालापासून उभे आहे आणि तेव्हापासून गावाचे नाव या थट्टेला चिकटले आहे. आजी म्हणाली, "डोक्याला करंट देत्यात म्हणं. माझी नात काय येडी हाय का?" तिच्या मनात मांत्रिकाकडे जायचे होते. मुलीच्या बापाचे दुखणे निराळेच. तो आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, एकदा कागदावर आलं की संपलं. उद्या लग्नाला कोण उभं राहील?"

आम्ही पडलो कारकून. कागदाचे वजन काय असते ते आम्ही रोज पाहतो. त्यामुळे बापाची भीती आम्हाला खोटी वाटली नाही. पण पोर शाळेत सगळ्यांसमोर पडली होती. जे शंभर जणांनी पाहिले ते कागदावर न आणून लपणार कसे?

आधी आजीची शंका. ईईजीचे यंत्र डोक्याला वीज देत नाही. मेंदूच्या पेशींचे काम मुळातच अत्यंत सूक्ष्म विजेवर चालते. ती वीज कवटी आणि कातडी ओलांडून वर येते तेव्हा साधारण ५० मायक्रोव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टच्या दहा लाख भागांपैकी ५० भाग, एवढीच उरते. बॅटरीतला साधा सेल दीड व्होल्टचा असतो. तो तिच्या तीस हजार पट! एवढीशी वीज टिपायची, मोठी करायची आणि तिच्या रेघा काढायच्या, एवढेच यंत्राचे काम. छातीची पट्टी काढतात, तशी ही मेंदूची पट्टी.

तयारीही घरचीच आहे. आदल्या दिवशी डोके शाम्पूने स्वच्छ धुवायचे, तेलाचा थेंब लावायचा नाही. उपाशी जायचे नाही. चालू गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. तेथे टेपने डोके मोजतात, पेन्सिलीने खुणा करतात आणि मलम लावून एकवीस तारा चिकटवतात. मग पडून राहायचे. डोळे उघडा, मिटा, तीन मिनिटे जोरजोराने श्वास घ्या, मग समोर दिव्याची उघडझाप. निदान वीस मिनिटे नोंद चालते. पापणी हलली, दात चावले, तरी रेघ उड्या मारते. आमची नायिका मात्र अगदी शहाण्यासारखी पडून राहिली. बाहेर तिच्या आईने आम्हाला हळूच विचारले, "भाऊ, मनातलं सगळं त्यात उमटतं का हो?"

प्रश्न भाबडा नाही. ज्याने माणसाच्या मेंदूची पहिली पट्टी काढली, तो जर्मनीतल्या येना गावचा डॉक्टर हान्स बर्गर मनातलेच शोधायला निघाला होता. तरुणपणी लष्करात असताना तो घोड्यावरून पडून मरता मरता वाचला आणि त्याच दिवशी त्याच्या खुशालीसाठी घरून तार आली. दूरच्या बहिणीला संकट जाणवले होते म्हणे. विचार असा प्रवास करतात का, याचा त्याने पुढे ध्यास घेतला. १९२४ साली त्याला मेंदूच्या लाटा सापडल्या, १९२९ साली त्याने त्या जगापुढे मांडल्या. विचार काही सापडला नाही. आपल्या पुण्यातही २००८ साली एका खून खटल्यात डोक्याला तारा लावून केलेली 'आठवणीची' चाचणी न्यायालयाने विचारात घेतली होती. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की माणसाच्या संमतीवाचून अशी चाचणी करता येणार नाही, कारण स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती संविधानाच्या कलम २० ला मान्य नाही. आम्ही त्या माऊलीला एवढेच म्हणालो, "ताई, मनातलं तुमचं तुमच्याजवळ."

अहवाल आला 'नॉर्मल'. आणि खरी चूक तेथे झाली. चूक आमचीही. अहवाल घेऊन डॉक्टरांकडे लगेच जायचे, हे आम्ही बजावून सांगितले नाही. घरात पेढे वाटले. पोरीला काही नाही म्हणून गोळ्या बंद झाल्या. आजीला वाटले, डॉक्टरला सापडत नाही म्हणजे बाहेरचेच असणार. सतराव्या दिवशी कल्याण स्टेशनच्या पुलावर, गर्दीच्या वेळी, मुलगी जिन्यावरून पडली. कपाळाला सहा टाके पडले. चार पायऱ्या वर असती तर काय झाले असते, याचा विचार आजही करवत नाही.

डॉक्टरांनी नंतर समजावले. पट्टी म्हणजे त्या अर्ध्या तासाचा फोटो. त्या वेळी मेंदू शांत असला तर पट्टीही शांतच येणार. आकडीच्या जवळपास निम्म्या रोग्यांच्या पहिल्या पट्टीत काहीच दिसत नाही. निदान मुख्यतः होते ते पाहणाऱ्याच्या सांगण्यावरून. म्हणून आकडी येताना ज्याने पाहिली, त्याने सोबत जावे. मोबाईलवर चित्रण असले तर उत्तम. आणि समोर आकडी आली तर तोंडात चमचा नाही, पाणी नाही, चप्पल तर नाहीच. कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे, पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठावा.

दुसऱ्यांदा जागरण करून बोलावले. थकून झोप लागली की मेंदूतली गडबड वर यायची शक्यता वाढते. मग रात्रभर पोरीला जागे ठेवायचे काम कोणी केले? आजीने! लहानपणच्या दुष्काळाच्या गोष्टी, गाणी, मधूनच कॅरम. पहाटेच्या लोकलमध्ये ती नातीला चिमटे काढत बसली होती. तेथे यंत्राखाली पोर गाढ झोपली आणि या वेळी रेघांत ते टोकदार सुळके दिसले.

राहिला बापाचा कागद. हिंदू विवाह कायदा आपल्या बौद्ध समाजालाही लागू आहे. १९७६ साली त्यात आकडीचा रोग लग्नाच्या आड येणारा म्हणून घातला होता, तोही वेडाच्या पंक्तीत बसवून. १९९९ साली संसदेने 'अपस्मार' हा शब्द काढून टाकला. म्हणजे केवळ आकडी येते म्हणून आज कोणी लग्न रद्द करून घेऊ शकत नाही. महत्त्वाची गोष्ट लपवून फसवले, असा दावा मात्र आजही करता येतो. आम्ही हे त्याला दोनदा वाचून दाखवले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे कागद लपवला तरच धोका?"

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आकडीवाचून निदान दोन वर्षे गेल्यावर पुढचे पाहू, असे डॉक्टर म्हणतात. दोन्ही अहवाल आता एका फायलीत आहेत. फाईल आम्हीच कचेरीतली जुनी दिली. आजी रोज रात्री गोळी दिल्यावर तिच्या पुठ्ठ्यावर खडूने एक रेघ ओढते. काल मोजल्या, एकशे चौदा झाल्या आहेत.