टाळूतून दिसणारा मेंदू
लेखमाला : कमी दिवसांची बाळं – भाग 7

मागच्या भागात फुप्फुसं पाहिली. श्वास मार्गी लागला, वजन वाढू लागलं, की बाळाच्या आजीचा पुढचा प्रश्न ठरलेला : पोर नीट चालेल-बोलेल ना?

त्याचं पहिलं उत्तर टाळूतून मिळतं. तिथं हाडं अजून जुळलेली नसतात, म्हणून ध्वनिलहरी आत पोचतात. टाळूवर जेल लावून सोनोग्राफीचा छोटा प्रोब टेकवला, की मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या पडद्यावर काळ्या दिसतात, ताजा रक्तस्राव पांढरा. बाळाला वॉर्मरवरून हलवावंही लागत नाही. 32 आठवड्यांआधी जन्मलेल्यांत या पोकळ्यांलगतच्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात आणि बहुतेक रक्तस्राव पहिल्या तीन दिवसांतच होतो. 1978 मध्ये लू-अ‍ॅन पापिले आणि सहकाऱ्यांनी ठरवलेल्या त्याच्या चार पायऱ्या डॉक्टर आजही वापरतात.

मात्र मेंदूच्या पांढऱ्या द्रव्याला झालेली इजा लगेच दिसत नाही. तिथले खड्डे दोन-चार आठवड्यांनी उमटतात, म्हणून सोनोग्राफी पुन्हा करावी लागते. बारीक इजा एमआरआयमध्ये अधिक स्पष्ट दिसते. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातल्या 167 बाळांचा मूळ प्रसूतीच्या तारखेच्या सुमारास एमआरआय काढला गेला. ज्यांच्या पांढऱ्या द्रव्याला मध्यम ते गंभीर इजा होती, त्यांना दोन वर्षांचं होताना अडचणींचा धोका बराच जास्त आढळला. हा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला.

आणि चित्र स्वच्छ असेल तर? निश्चिंत होऊ नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी यांच्या गटानं 1987 ते 1989 दरम्यान अतिदक्षता कक्षातून घरी गेलेल्या, 2000 ग्रॅमहून कमी वजनाच्या बाळांचा माग थेट अठराव्या वर्षापर्यंत ठेवला. बाराव्या वर्षी त्यांच्यातल्या अनेकांचं घोडं लेखनात आणि गणितात अडलेलं दिसलं. असल्या अडचणी पाळण्यातल्या फोटोत सापडत नाहीत. त्यासाठी मूल पुन्हापुन्हा पाहावं लागतं.

नंदुरबारमध्ये खरी अडचण तीच आहे. समजा, धडगावच्या डोंगरातलं बाळ ऑगस्टच्या सुरुवातीला, दोन महिने आधी जन्मलं. त्याचं वय मूळ तारखेपासून मोजायचं, म्हणजे तीन महिन्यांची तपासणी डिसेंबरअखेर येते. तेव्हा जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला गेलेली असतात.

नेमकी ही तपासणी चुकवण्यासारखी नाही. या वयात निरोगी बाळ उताणं पडलं, की मान, हात, पाय सतत छोट्या, गोलसर हालचालींनी वळवळत असतात. ही वळवळ नसणं हा सेरेब्रल पाल्सीचा मोठा इशारा. 2017 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार, हा विकार असलेल्या शंभर मुलांपैकी 86 ते 89 एमआरआयमधून ओळखता येतात, हालचालींच्या पाहणीतून 98. त्याला लाखो रुपयांचं यंत्र लागत नाही. जागं, शांत बाळ, काही मिनिटांचा मोबाइल व्हिडिओ आणि तो वाचणारा प्रशिक्षित माणूस पुरतो. व्हिडिओ फडावरूनही पाठवता येईल.

उपचाराचं काय? 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हास्तरीय शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे. धडगावहून तिथवर जायचं, तर एसटीचं भाडं आणि दिवसभराची बुडालेली मजुरीही हिशेबात धरावी लागते.

(पुढील भागात : डोळ्यांच्या पडद्याची तपासणी)