वृद्धाश्रमाची पारख : स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीशी होणारा भाषाव्यवहार

स्मृतिभ्रंश झालेल्या आईला, वडिलांना अथवा आत्याला वृद्धाश्रमात ठेवण्याचा निर्णय कुटुंबात पुष्कळ दिवस टाळला जातो आणि मग एकाएकी घ्यावा लागतो. वृद्ध व्यक्ती रात्री दार उघडून बाहेर पडते, गॅस चालू राहतो, किंवा सांभाळणारी व्यक्तीच आजारी पडते. आणि आठपंधरा दिवसांत दोनचार संस्था पाहून त्यांपैकी एक निवडावी लागते. अशा वेळी पाहिले जाते ते इमारत, खोल्यांची स्वच्छता, जेवण, शुल्क आणि डॉक्टरांची ये-जा. ह्या गोष्टी आवश्यकच आहेत. तथापि त्या व्यक्तीचा उरलेला सारा काळ ज्या गोष्टीत जावयाचा असतो, ती गोष्ट, म्हणजे तेथील माणसे तिच्याशी कसे बोलतात हे, बहुधा पाहावयाचे राहून जाते. वस्तुतः संस्थेच्या गुणवत्तेचे हे एक विश्वसनीय गमक होय. ह्या गमकाचा उपयोग कसा करता येईल, ह्याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

१. रोग आणि भाषा

स्मृतिभ्रंश हे एका रोगाचे नाव नसून एका लक्षणसमूहाचे नाव आहे. त्याचे सर्वांत अधिक आढळणारे कारण म्हणजे अल्झायमरचा रोग. १९०१ साली फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्णालयात आलोइस अल्झायमर ह्यांनी आउगुस्ट डेटर ह्या ५१ वर्षे वयाच्या स्त्रीची तपासणी केली. नाव विचारताच तिने ‘आउगुस्ट’ असे सांगितले. आडनाव विचारताच तेच सांगितले. आणि पतीचे नाव विचारल्यावरही तिच्या तोंडून तेच नाव आले. १९०६ साली तिचा मृत्यू झाल्यावर अल्झायमर ह्यांनी तिच्या मेंदूतील विकृतीचे निवेदन ट्यूबिंगेन येथील सभेत केले आणि १९१० साली क्रेपेलिन ह्यांनी आपल्या ग्रंथात ह्या रोगाला अल्झायमरचे नाव दिले. रोगाचा पहिला पुरावा अशा रीतीने एका प्रश्नोत्तराच्या रूपात नोंदला गेला आहे. भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लक्ष माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असावीत, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत करण्यात आला.

अल्झायमरच्या रोगात भाषेचे सर्व स्तर एकदम ढासळत नाहीत. प्रथम नामे निसटू लागतात. ‘चष्मा’ हा शब्द सुचत नाही. त्याच्या जागी ‘ते हे’, ‘ते डोळ्याचं’ असे म्हटले जाते. उच्चारप्रक्रिया आणि वाक्यरचना मात्र पुष्कळ काळ टिकून राहते. ठरीव वचने, स्तोत्रे, अभंग, अभिवादनाचे शब्द ह्यांचा साठा त्याहूनही अधिक काळ शाबूत राहू शकतो. आणि शब्दांचा अर्थ लागेनासा झाल्यावरही आवाजातील राग, घाई अथवा माया ओळखू येते. (ज्या प्रकारांत भाषेवरच रोगाचा पहिला आघात होतो, त्यांचा क्रम अर्थातच निराळा असतो.) ह्यावरून दोन चुका संभवतात. अस्खलित बोलणाऱ्या व्यक्तीला सर्व समजते असे मानले जाते आणि अबोल झालेल्या व्यक्तीला काहीच समजत नाही असे मानले जाते. चांगल्या संस्थेतील सेवकवर्ग ह्या दोन्ही चुका टाळतो. संस्था पाहावयास जाणाऱ्याने प्रथम लक्ष द्यावयाचे ते येथे.

२. नावाचा प्रश्न

जुन्या पिढीतील अनेक मराठी स्त्रियांचे नाव विवाहसमयी बदलले जात असे. आधारपत्रावर ‘सुमती’ असलेली स्त्री माहेरी ‘कृष्णी’ असू शकते. रोग वाढू लागला म्हणजे अलीकडच्या आठवणी आधी जातात आणि जुन्या मागाहून, हे तत्त्व फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो ह्यांनी १८८१ सालीच मांडले होते. तेव्हा ‘सुमतीबाई’ अशा हाकेला ओ न देणारी स्त्री ‘कृष्णे’ म्हणताच मान वळवील, हे अगदी संभवनीय आहे. संस्थेच्या नोंदवहीत मात्र ‘प्रतिसाद देत नाही’ एवढेच लिहिले गेले, तर पुढील सारे उपचार त्या चुकीच्या नोंदीवर आधारले जातात.

पतीच्या नावाचेही तसेच आहे. पतीचे नाव न घेण्याचा संस्कार ज्या स्त्रीवर झाला, ती ह्या प्रश्नावर गप्प बसली तर ते विस्मरण मानावे की संस्कार? आउगुस्टच्या बाबतीत जो प्रश्न रोगाची खूण ठरला, तोच प्रश्न मराठी स्त्रीला विचारला असता निष्कर्ष तितका सरळ निघत नाही. ‘नाव घ्या’ असे म्हटले तर कदाचित तीच स्त्री साठ वर्षांपूर्वीचा उखाणा बिनचूक म्हणेल. कारण उखाणा हे ठरीव वचन आहे.

म्हणून संस्थेच्या व्यवस्थापकास पहिला प्रश्न असा विचारावा : ‘प्रवेशाच्या वेळी आपण कोणती माहिती लिहून घेता?’ रोग, औषधे व पत्ता ह्यांपलीकडे जर त्या अर्जात माहेरचे नाव, घरातले हाकेचे नाव, पूर्वीचा व्यवसाय, दैनंदिन सवयी ह्यांना जागा नसेल, तर त्या संस्थेत रुग्ण दाखल होतो, माणूस दाखल होत नाही, असे समजण्यास हरकत नाही.

३. बालभाषेचा प्रादुर्भाव

लहान मुलांशी बोलताना वापरल्या जाणाऱ्या भाषेचा अभ्यास मराठीला नवीन नाही. १९६४ साली चार्ल्स फर्ग्युसन ह्यांनी सहा भाषांतील बालभाषेची तुलना केली, तीत मराठीचा समावेश होता. आणि त्याच वर्षी अशोक केळकर ह्यांचा मराठी बालभाषेवरील निबंध प्रसिद्ध झाला. ‘मंमं’, ‘भुर्र’, ‘बाऊ’ असे खास शब्द, र-च्या जागी ल, चढा स्वर, पुनरुक्ती आणि ‘शहाणं बाळ ते’ ह्यासारखा नपुंसकलिंगी प्रयोग ही ह्या बालभाषेची परिचित लक्षणे होत.

हीच भाषा वृद्धांच्या बाबतीतही वापरली जाते. १९८१ साली लिंडा कॅपोरेल ह्यांनी अमेरिकेतील एका संस्थेत केलेल्या अभ्यासात वृद्धांशी बोललेल्या बालभाषेतील शब्द अस्पष्ट करून केवळ स्वर ऐकविला असता, तो मुलांना उद्देशून आहे की वृद्धांना, हे श्रोत्यांस ओळखता आले नाही. क्रिस्टीन विल्यम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली २० रुग्णांच्या चित्रफितींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले, की सेविका बालभाषेत बोलत असताना रुग्णाने विरोध करण्याचा, म्हणजे ढकलण्याचा, ओरडण्याचा वा तोंड फिरविण्याचा, संभव प्रौढांशी बोलावयाच्या नेहमीच्या भाषेपेक्षा अधिक असतो. ‘आजी फार त्रास देतात’ ह्या तक्रारीचे मूळ काही वेळा आजींत नसून त्यांना ऐकाव्या लागणाऱ्या वाक्यांत असते, असा ह्याचा अर्थ आहे.

सोपे बोलणे आणि बालिश बोलणे ह्यांत भेद केला पाहिजे. लहान वाक्य, एका वेळी एकच सूचना, गरज पडल्यास तेच वाक्य त्याच शब्दांत पुन्हा म्हणणे, ह्यांचा उपयोग होतो. चढ्या सुरात, शब्द ताणून बोलल्याने आकलन वाढत नाही. मान मात्र कमी होतो.

४. तू, तुम्ही आणि आपण

रॉजर ब्राउन व आल्बर्ट गिलमन ह्यांनी १९६० साली सर्वनामांच्या निवडीमागे सत्ता आणि जवळीक ही दोन तत्त्वे असल्याचे दाखविले. वृद्धाश्रमात ह्या दोहोंची गल्लत होते. तथापि ‘तू’ म्हटले की अपमान झाला, असा नियम मराठीत करता येणार नाही. आईला आणि आजीला ‘तू’ म्हणणारी घरे असंख्य आहेत. कसोटी एकच : आजारापूर्वी त्या व्यक्तीला ‘तू’ कोण म्हणत असे? चाळीस वर्षे शाळेत शिकविलेल्या बाईंना पंचवीस वर्षांच्या मुलीने ‘तू’ म्हणणे त्यांना खटकेल. शेतावर राबलेल्या आजीला ‘आपण’ ऐकून कोणी परके बोलत आहे असे वाटेल.

‘आपण’ ह्या सर्वनामाकडेही लक्ष द्यावे. ‘चला, आपण औषध घेऊ या’ ह्या वाक्यात औषध एकीलाच घ्यावयाचे असते. इंग्रजी भाषिक परिसरात अशा समावेशक प्रयोगाची गणना बालिश बोलण्यात केली जाते. मराठीत मात्र ‘आपण’ आदरार्थीही आहे आणि घरोब्याचेही; सारा भेद सुरात असतो. परकीय भाषांत तयार झालेल्या तपासणीच्या याद्या मराठीस जशाच्या तशा लावता येत नाहीत, हे ह्यावरून स्पष्ट व्हावे.

सर्वांत घातक प्रयोग मात्र तृतीय पुरुषाचा. वृद्ध व्यक्ती समोर बसलेली असताना ‘हिने जेवण केलं का?’ असे दुसऱ्या सेविकेस विचारले जाते, तेव्हा ती व्यक्ती संभाषणातून वगळली गेलेली असते.

५. बोली आणि शरीरधर्म

बहुभाषिक व्यक्तीच्या मागाहून शिकलेल्या भाषा रोगात पुष्कळदा आधी मागे पडतात आणि ती मातृभाषेकडे वळते. मुलाच्या नोकरीमुळे बंगळूरला राहावयास गेलेल्या सोलापूरच्या वृद्धाला तेथील संस्थेत मराठी बोलणारे कोणीच नसेल, तर उत्तम व्यवस्थेतही तो एकाकी राहील. भाषा एकच असूनही हा प्रश्न सुटत नाही. खेड्यात वाढलेल्या पिढीत शौचास जाण्याला ‘परसाकडे जाणे’ किंवा नुसते ‘बाहेर जाणे’ असे म्हणत. एखाद्या आजी दाराशी जाऊन ‘मला बाहेर जायचंय’ असे वारंवार म्हणतात. शहरात वाढलेल्या सेविकेला तो पळून जाण्याचा प्रयत्न वाटतो. ती दाराला कडी घालते. थोड्या वेळाने कपडे ओले होतात आणि नोंदवहीत ‘आक्रमक वर्तन, नियंत्रण नाही’ अशी नोंद होते. पुढील पायरी शामक औषधाची असते. मानसविकारावरील काही औषधांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली दिला आहे. एका वाक्प्रचाराचे अज्ञान कोठवर पोहोचते, हे ह्यावरून ध्यानात यावे.

ह्यास्तव कुटुंबाने प्रवेशाच्या वेळी एक पानभर भाषावृत्त लिहून द्यावे. भूक, तहान, शौच, वेदना, भीती ह्यांसाठी ती व्यक्ती कोणते शब्द वापरते, कोणाला कशी हाक मारते, कोणते अभंग किंवा गाणी तिला पाठ आहेत, हे त्यात असावे. ते पान कपाटात जाते की सेविकांच्या हाती जाते, हे आठ दिवसांनी पाहावे.

६. पाहणीची रीत

ब्रॅडफर्ड विद्यापीठातील टॉम किटवुड ह्यांनी १९९७ सालच्या आपल्या ग्रंथात रुग्णाचे व्यक्तित्व खच्ची करणाऱ्या वर्तनाचे १७ प्रकार सांगितले. बालिश वागणूक, दुर्लक्ष, झेपणार नाही इतक्या घाईने बोलणे हे त्यांपैकी होत. त्यांच्या परंपरेतील निरीक्षणपद्धतीत प्रशिक्षित निरीक्षक काही तास बसून दर पाच मिनिटांनी रुग्णाची स्थिती नोंदवितो. कुटुंबीयांना इतके शक्य नाही. पण एक तास सामाईक दालनात बसणे शक्य आहे. त्या तासात पुढील गोष्टी मोजाव्यात : रुग्णांना उद्देशून किती वाक्ये बोलली गेली, त्यांत आज्ञा किती आणि विचारणा किती, प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थांबले जाते की नाही, बोलताना सेविका समोर येऊन, डोळ्यांच्या पातळीवर बसते की पाठीमागून बोलते, ‘सकाळी काय खाल्लं, सांगा पाहू’ अशी परीक्षा घेतली जाते, की ‘चहा हवा की दूध?’ अशी निवड दिली जाते.

भेट एकदाच देऊन भागत नाही. एक भेट जेवणाच्या वेळी आणि एक सायंकाळी, म्हणजे अनेक रुग्णांची अस्वस्थता वाढते त्या वेळी, द्यावी. सकाळच्या स्नानाच्या वेळी आत जाता येत नसले, तरी बाहेर आवाज ऐकू येतात.

जेथे बोलणे संपलेले असते, तेथे वेदना कशी ओळखता, हेही विचारावे. श्वास, कण्हणे, चेहरा, शरीराची हालचाल आणि समजूत काढल्यास शांत होणे ह्या पाच गोष्टींवरून वेदना मोजण्याची रीत २००३ पासून उपलब्ध आहे. बांधून ठेवण्याविषयी स्पष्ट उत्तर मागावे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ह्याच्या व्याख्येत दिशाभान व स्मृती ह्यांच्या गंभीर विकारांचा समावेश आहे. मानसिक आरोग्य संस्थांत रुग्णास साखळीने बांधणे त्याने निषिद्ध ठरविले असून, अन्य शारीरिक बंधनही तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा उपाय नसेल तेव्हाच आणि मनोविकारतज्ज्ञाच्या संमतीनेच घालता येते.

७. मर्यादा

भाषा हे गमक आहे, सर्वस्व नव्हे. रात्री तीस रुग्णांमागे एकच सेविका असेल, तर ती कितीही सुस्वभावी असली तरी उत्तरासाठी थांबू शकणार नाही. तिची वाक्ये आज्ञार्थीच होतील. तेव्हा आज्ञार्थ फार ऐकू आला, तर सेविकेस दोष देण्यापूर्वी रात्रपाळीत माणसे किती, त्यांना वेतन काय मिळते, ती किती दिवस टिकतात आणि त्यांना कोणते शिक्षण दिले जाते, हे व्यवस्थापकास विचारावे. बोलण्यातील घाई हा बहुधा मनुष्यबळाच्या तुटवड्याचा ध्वनी असतो. उलट, संगमरवरी फरशी आणि फुललेली बाग असलेल्या संस्थेत तासभर बसूनही रुग्णाला उद्देशून एकही पूर्ण वाक्य कानावर आले नाही, तर तो पुरावा दुर्लक्षिता येत नाही.

स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती स्वतःचा वृत्तान्त स्वतः सांगू शकत नाही. भेटीस आलेल्या मुलाला ‘इथे मला कसे वागवतात’ हे ती सांगणार नाही, कारण सकाळ तिला आठवत नाही. परंतु सकाळी बसलेला धाक अथवा मिळालेली माया, प्रसंग विसरला गेल्यावरही, काही काळ तिच्या मुद्रेवर उरते. तक्रार करू न शकणाऱ्या माणसाच्या वतीने ऐकून ठेवणे हे कुटुंबाचे काम आहे. आणि ते प्रवेशाच्या दिवशी संपत नाही, तेथून सुरू होते.